मेंदूतील तार आणि रक्तस्रावाची भीती

कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णासमोर डॉक्टर जेव्हा ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ अर्थात डीबीएस शस्त्रक्रियेचा पर्याय ठेवतात, तेव्हा घरच्यांच्या मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. एक खर्चाचा, कारण ही शस्त्रक्रिया आणि तिच्यासाठी लागणारे यंत्र मिळून खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. दुसरा प्रश्न भीतीचा असतो : मेंदूत तार घालणार, मग आत रक्तस्राव झाला तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर रुग्णालयाच्या खिडकीवर आकड्यांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र अनेकदा ‘काळजी करू नका’ एवढ्यावरच संपते.

हा विषय पुन्हा चर्चेत येण्याचे कारण म्हणजे या उपचारात आलेले नवे तंत्र. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्किन्सन्ससाठी ‘ॲडॅप्टिव्ह’ डीबीएसला मान्यता दिली. जपानमध्ये असे तंत्र २०२० पासूनच मान्य झाले होते. आतापर्यंतचे यंत्र डॉक्टरांनी ठरवून दिलेला विद्युतप्रवाह दिवसभर एकसारखा सोडत असे. नवे यंत्र मेंदूतील लहरी वाचते आणि गरजेनुसार प्रवाह आपोआप कमी-जास्त करते. रुग्णांच्या दृष्टीने ही प्रगती मोलाची आहे. पण यंत्र कितीही हुशार झाले, तरी त्याची तार मेंदूत पोचवण्याची वाट तीच आहे. कवटीला छिद्र पाडावे लागते आणि इलेक्ट्रोड मेंदूच्या गाभ्यापर्यंत न्यावा लागतो. रक्तस्रावाचा धोका असतो तो याच टप्प्यावर.

उपचार कसा चालतो?

फ्रान्समधील ग्रनोबल येथे ॲलिम-लुई बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये आधुनिक डीबीएसचा पाया घातला. त्यापूर्वी थरथर थांबवण्यासाठी मेंदूतील विशिष्ट भाग कायमचा जाळला जाई. त्याऐवजी तेथे उच्च वारंवारितेचा सौम्य विद्युतप्रवाह दिला तर थरथर थांबते आणि प्रवाह बंद केला की परिणामही थांबतो, हे त्यांच्या लक्षात आले. अमेरिकेत थरथरीसाठी १९९७ मध्ये आणि पार्किन्सन्सच्या इतर लक्षणांसाठी २००२ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. भारतात मुंबईचे जसलोक रुग्णालय आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था ही त्याच सुमारास हे काम हाती घेणारी सुरुवातीची केंद्रे. आज अनेक मोठ्या शहरांत ही शस्त्रक्रिया होते.

पार्किन्सन्समध्ये बहुतेक वेळा ‘सबथॅलॅमिक न्यूक्लियस’ या केंद्राचा वेध घेतला जातो. ते आकाराने जेमतेम लहानशा वाटाण्याएवढे असते आणि मेंदूच्या पृष्ठभागापासून सात-आठ सेंटिमीटर खोल दडलेले असते. त्याच्या शेजारून हातापायांच्या हालचालींचे संदेश नेणारे तंतू जातात. इलेक्ट्रोडची तार साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची असते. मेंदूच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक तार बसवून ती कातडीखालून छातीतल्या बॅटरीला जोडली जाते. डोक्याला बसवलेली धातूची चौकट, एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा आणि संगणक यांच्या साहाय्याने वाट मिलिमीटरच्या हिशेबात आखली जाते. तरीही ती वाट जिवंत मेंदूतून जाते आणि मेंदूत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते.

आकडे काय सांगतात?

रक्तस्रावाचे प्रमाण किती, याचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा आढावा लंडनमधील न्यूरोसर्जनांच्या गटाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर जगभरात प्रसिद्ध झालेल्या अहवालांची त्यांनी बेरीज मांडली. त्यानुसार अशा शस्त्रक्रिया झालेल्या शंभर रुग्णांमागे सुमारे पाच जणांच्या मेंदूत कमी-अधिक रक्तस्राव आढळला. त्यांतील सुमारे दोघांना काहीही त्रास झाला नव्हता, रक्तस्राव फक्त स्कॅनमध्ये दिसला. सुमारे दोघांमध्ये लक्षणे दिसली, पण ती कायमची राहिली नाहीत. उरलेल्या साधारण एकाला कायमचे अपंगत्व आले किंवा त्याचा मृत्यू झाला. जर्मनीतील पाच केंद्रांच्या १,१८३ रुग्णांचा अहवाल २००७ मध्ये आला होता. त्यात पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ०.४ टक्के आणि शस्त्रक्रियेमुळे कायमची हानी होण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. अनुभवी केंद्रांचे त्यानंतरचे अनेक अहवाल याहून कमी रक्तस्राव नोंदवतात.

म्हणजे गंभीर धोका साधारण शंभरात एक, किंवा त्याहूनही कमी. पण हा आकडा ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. काही अहवाल प्रमाण ‘दर रुग्णामागे’ देतात, तर काही ‘दर इलेक्ट्रोडमागे’. बहुतेक रुग्णांना दोन इलेक्ट्रोड बसतात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत तोच धोका जवळपास निम्मा दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे शोधणाऱ्यालाच सापडते. जे रुग्णालय शस्त्रक्रियेनंतर प्रत्येकाचा स्कॅन करते, त्याच्या नोंदीत बारीकसारीक रक्तस्रावही येतात. जे फक्त त्रास झाल्यावर स्कॅन करते, त्याचा आकडा आपोआप देखणा होतो. ‘आमच्याकडे रक्तस्राव होतच नाही’ असे कोणी सांगत असेल, तर तेथे किती शस्त्रक्रिया झाल्या आणि रक्तस्राव कसा मोजला, हे विचारणे रास्त ठरते.

धोक्याच्या दुसऱ्या बाजूला फायदाही तेवढ्याच काटेकोरपणे मोजला गेला आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५५ रुग्ण होते. डीबीएस केलेल्यांना सहा महिन्यांनंतर दिवसाकाठी सरासरी ४.६ तास अधिक असे मिळाले, ज्यात हालचाल नीट होती आणि त्रासदायक वेडीवाकडी हालचाल नव्हती. केवळ औषधांवर ठेवलेल्या गटात अशी वाढ दिसली नाही. मात्र याच चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटात गंभीर गुंतागुंती स्पष्टपणे जास्त होत्या आणि एका रुग्णाचा मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला. २००६ मध्ये जर्मन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीतही रक्तस्रावाने एक मृत्यू नोंदवला गेला. ज्या अभ्यासांनी हा उपचार उपयुक्त ठरवला, त्यांनीच त्याची किंमतही लपवली नाही. रुग्णाला सल्ला देतानाही हीच पद्धत हवी.

रक्तस्राव कोठे आणि का होतो?

मेंदूचा पृष्ठभाग वळ्यावळ्यांचा असतो. सह्याद्रीत जसे ओढे डोंगरधारेवरून न वाहता दोन धारांमधल्या घळीतून वाहतात, तशा मेंदूवरच्या बऱ्याच रक्तवाहिन्या दोन वळ्यांमधल्या खाचेत उतरतात. त्यामुळे तार आत शिरण्याची जागा वळीच्या माथ्यावर निवडली, तर वाहिनी वाटेत येण्याची शक्यता घटते. ती खाचेजवळून गेली तर वाढते. आत गेल्यावर मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या लागतात. तार त्या पोकळीतून गेल्यास तिच्या भिंतीलगतच्या शिरांना धक्का बसू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन एमआरआय करतात. त्यात रक्तवाहिन्या उजळून दिसतात आणि त्या चुकवून वाट आखता येते. वाट आखण्यात गेलेला अर्धा-पाऊण तास रुग्णाला दिसत नाही, पण सुरक्षेचा मोठा वाटा त्यातच असतो.

दुसरे कारण रक्तदाब. लंडनच्या आढाव्यात वाढते वय आणि उच्च रक्तदाब हे धोका वाढवणारे ठळक घटक ठरले. येथे एक अडचण या आजारातूनच उद्भवते. पारंपरिक पद्धतीत रुग्णाला जागे ठेवून शस्त्रक्रिया होते. प्रवाह दिल्यावर हाताची थरथर थांबते का, बोलणे अडखळते का, हे तिथल्या तिथे पाहायचे असते. त्यासाठी आदल्या रात्रीपासून पार्किन्सन्सची औषधे बंद ठेवतात. अंग ताठरलेले, डोके चौकटीत अडकवलेले आणि मन धास्तावलेले, अशा स्थितीत रक्तदाब चढतो. म्हणून भूलतज्ज्ञाची सतत देखरेख महत्त्वाची ठरते. कवटीत तार सरकवण्यापूर्वी वरचा रक्तदाब साधारण १४० च्या खाली आणणे आणि तो तेथे राखणे, हा बहुतेक अनुभवी केंद्रांचा दंडक आहे. घरी ज्यांचा रक्तदाब महिनोन्‌महिने अनियंत्रित आहे, त्यांनी तो आधी आटोक्यात आणावा आणि मगच तारीख घ्यावी, हे उत्तम.

तिसरे कारण म्हणजे मेंदूत किती वेळा सुई जाते. अचूक जागा शोधण्यासाठी काही सर्जन केसासारख्या बारीक इलेक्ट्रोडने पेशींचे विद्युत संदेश ऐकतात. त्यासाठी कधी एक, तर कधी एकाच वेळी तीन ते पाच समांतर मार्ग वापरले जातात. प्रत्येक मार्गाबरोबर धोका थोडा वाढू शकतो, असे एक मत आहे. संदेश ऐकल्याने जागा अधिक नेमकी मिळते आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी टळते, असे दुसरे मत आहे. या वादात तज्ज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. नेदरलँड्समध्ये ११० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र एक गोष्ट दिसली. रुग्णाला पूर्ण भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया आणि जागे ठेवून केलेली शस्त्रक्रिया यांत हालचालींतील सुधारणा जवळपास सारखीच होती. बुद्धी, मनःस्थिती आणि वर्तनावरील दुष्परिणामांतही लक्षणीय फरक नव्हता. त्यामुळे जागे राहण्याच्या कल्पनेनेच हादरणाऱ्या रुग्णांना आता दुसरा मार्ग विचारता येतो.

घरातल्या गोळ्यांचा डबा

रक्तस्राव टाळण्याच्या कामात रुग्णाच्या घरच्यांचा सर्वांत मोठा हातभार शस्त्रक्रियेच्या आधी लागतो, तो औषधांच्या बाबतीत. पार्किन्सन्सचे बरेच रुग्ण साठीच्या पुढचे असतात. त्यांतील अनेकांना हृदयविकारासाठी किंवा मधुमेहाबरोबर रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असते. ॲस्पिरिन साधारण सात ते दहा दिवस आधी, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी आणि वॉरफरिन सुमारे पाच दिवस आधी थांबवतात. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन यांसारख्या नव्या औषधांना दोन-तीन दिवसांचा अवधी लागतो आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर अधिक. नेमके दिवस डॉक्टर ठरवतात.

घोटाळा होतो तो नावांमुळे. आपल्याकडे कोलेस्टेरॉलचे औषध आणि ॲस्पिरिन एकाच कॅप्सूलमध्ये मिळते, काहींत क्लोपिडोग्रेलही असते. घरात ती ‘कोलेस्टेरॉलची गोळी’ म्हणूनच ओळखली जाते. ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ या प्रश्नाला मग प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर दिले जाते. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचाही रक्त गोठण्यावर परिणाम होतो. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या किंवा गिंकोच्या कॅप्सूलबद्दल तर कोणी सांगतच नाही, कारण त्यांना औषध मानले जात नाही. यावरचा उपाय साधा आहे. यादी करण्याच्या भानगडीत न पडता गोळ्यांचा अख्खा डबा, आयुर्वेदिक पुड्या आणि बाटल्यांसह, तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावा.

याची दुसरी बाजू तेवढीच गंभीर आहे. रक्तस्रावाच्या धास्तीने स्वतःहून या गोळ्या बंद करणे घातक ठरू शकते. नुकतीच अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला असेल, तर गोळी थांबताच स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांना पक्षाघाताचा धोका असतो. अशा वेळी न्यूरोसर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून निर्णय घ्यायचा असतो. बऱ्याचदा काही महिने थांबण्याचा सल्ला मिळतो. डीबीएस ही तातडीची शस्त्रक्रिया नाही आणि हीच रुग्णाच्या जमेची बाजू आहे. तयारी पूर्ण होईपर्यंत थांबता येते.

शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस

तार बसल्यावर काही तासांत सीटी स्कॅन करून ती योग्य जागी आहे का आणि कोठे रक्त साकळले आहे का, हे पाहिले जाते. रक्तस्राव बहुधा याच काळात लक्षात येतो. पण एक प्रकार उशिरा दिसतो. पृष्ठभागावरची एखादी शीर बंद झाली, तर त्या भागातील रक्ताचा निचरा अडतो, सूज येते आणि एक-दोन दिवसांनी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पहिला स्कॅन स्वच्छ असला, तरी पुढे वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूचा अशक्तपणा, बोलण्यात बदल, झटका किंवा अचानक आलेला गोंधळ यांकडे दुर्लक्ष करू नये. वृद्ध रुग्ण शस्त्रक्रियेनंतर थोडा भांबावलेला असतोच. औषधांच्या बदलानेही असे होते. पण ते तसेच आहे असे गृहीत न धरता स्कॅन करून खात्री करणे हा सुरक्षित मार्ग.

बहुतेक छोटे रक्तस्राव दुसरी शस्त्रक्रिया न करता, रक्तदाब ताब्यात ठेवून आणि निरीक्षणाखाली आपोआप शोषले जातात. मोठी गाठ झाली तरच ती काढावी लागते. अशा प्रसंगी रात्रीबेरात्री स्कॅन होणारे, न्यूरोसर्जन आणि अतिदक्षता विभाग हाताशी असणारे रुग्णालय आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

रक्तस्रावाची धास्ती मोठी असली, तरी संख्येने तो सर्वांत मोठा त्रास नाही, हेही सांगायला हवे. जखमेतील किंवा बॅटरीच्या जागेतील जंतुसंसर्ग, तार सरकणे किंवा तुटणे अशा गुंतागुंती त्याहून अधिक वेळा दिसतात. त्या बहुधा जिवावर बेतत नाहीत, पण यंत्र काढून पुन्हा बसवण्याची पाळी आणू शकतात.

छिद्राविना पर्याय आहे का?

एमआरआयच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरी एका बिंदूवर एकवटून थरथरीचे केंद्र उष्णतेने निष्क्रिय करण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. अमेरिकेत ‘इसेन्शियल ट्रेमर’साठी त्याला २०१६ मध्ये आणि थरथर प्रमुख असलेल्या पार्किन्सन्ससाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. त्यात कवटीला छिद्र नाही, तार नाही, बॅटरी नाही. त्यामुळे तारेच्या वाटेवरील रक्तस्रावाचा प्रश्नच येत नाही. मात्र केलेला बदल कायमचा असतो. डीबीएसमध्ये प्रवाह कमी-जास्त करता येतो, आजार वाढला तर मांडणी बदलता येते, त्रास झाला तर यंत्र बंद करता येते. ध्वनिलहरींच्या उपचारात ही मुभा नाही. चालण्या-बोलण्यात अडचण किंवा बधिरपणा असे दुष्परिणाम काहींमध्ये टिकून राहतात. जाहिरातीतील ‘ना चिरा, ना टाका’ हे शब्द खरे आहेत, पण त्यांचा अर्थ ‘ना धोका’ असा होत नाही.

संमतीपत्रावरची सही

सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात रुग्णाच्या संमतीविषयी स्पष्ट भूमिका घेतली होती. उपचाराचे स्वरूप, हेतू, फायदे, उपलब्ध पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम हे सारे डॉक्टरांनी पुरेशा प्रमाणात सांगितले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. दूरच्या किंवा केवळ तात्त्विक धोक्यांचा पाढा वाचण्याची सक्ती मात्र नाही. मग शंभरात एकाला कायमचे अपंगत्व येणे हा ‘दूरचा’ धोका मानायचा का? टक्केवारीने तो लहान दिसतो. पण घडलेच तर तो माणसाची वाचा, हात किंवा प्राण हिरावतो. परिणाम इतका मोठा असताना तो स्पष्ट शब्दांत सांगणे हेच सयुक्तिक आहे. तेही भरती झाल्यावर आदल्या रात्री सहीच्या वेळी नको. बाह्यरुग्ण विभागात, घरच्यांना विचार करायला सवड राहील अशा बेताने व्हायला हवे.

यापुढचा प्रश्न एकट्या डॉक्टरांचा नाही. जगभरातील सरासरी रुग्णाला दिशा देते, पण त्याची शस्त्रक्रिया होणार असते एका ठरावीक रुग्णालयात, एका ठरावीक चमूच्या हातून. आपल्याकडे डीबीएसचे रुग्णालयनिहाय निकाल सामान्य माणसाला सहज पाहता येत नाहीत. अमेरिकेत पार्किन्सन्समधील डीबीएसच्या निकालांची अनेक केंद्रांना जोडणारी नोंदवही सुरू करण्यात आली आहे. भारतातही केंद्रांनी किमान तीन आकडे एकाच मोजपट्टीने जाहीर करायला हरकत नसावी : किती रुग्ण, किती जणांत रक्तस्राव आणि किती जणांना कायमची हानी. चांगले काम करणाऱ्या केंद्रांना त्यातून लाभच होईल.

तोवर हे काम रुग्णाच्या प्रश्नांना करावे लागेल. या चमूने आतापर्यंत किती डीबीएस केल्या? त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत रक्तस्राव किती जणांना झाला आणि आज ते कसे आहेत? माझे वय, रक्तदाब आणि गोळ्या पाहता माझा धोका सरासरीपेक्षा कमी की जास्त? आणि शस्त्रक्रिया केली नाही, तर पुढची पाच वर्षे कशी जातील? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांतून ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे, अशा रुग्णांशीही बोलता येते.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण थांबण्यालाही किंमत असते. गोळीचा असर उतरल्यावर ताठरून बसणे, रात्री कूस बदलता न येणे, पडून हाड मोडणे हे धोके कोणत्याही संमतीपत्रावर छापलेले नसतात. फार उशीर झाला, स्मृती आणि तोल ढासळले, की डीबीएसचा उपयोगही घटतो आणि वाढत्या वयाबरोबर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. त्यामुळे निव्वळ भीतीपोटी वर्षानुवर्षे टाळाटाळ करणाऱ्या रुग्णाला शेवटी अधिक धोका पत्करून कमी लाभ मिळण्याची शक्यता असते. शंभरातील एकाची शक्यता डोळ्यांआड करू नये, तसेच उरलेल्या नव्याण्णवांचे काय होते, हेही विचारावे. दोन्ही उत्तरे समोर आली की सही करायची की नाही, हे रुग्णाला स्वतः ठरवता येते.